व्याह्यांचं विमानतळ

आमचे व्याही नसते तर ते विमानतळ केव्हाच उडून गेलं असतं, असं आमच्या व्याह्यांचं स्पष्ट मत आहे. विमानं नव्हेत; धावपट्टी, इमारत, सामान तपासणारी यंत्रं, सगळं धरून अख्खं विमानतळ. हे मत त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की पुढे पुढे मलाही ते पटायला लागलं. गृहस्थ मावळातल्या परंदवडीचे. घरची भातशेती, गोठ्यात दोन गाई, आणि पन्नाशी गाठेपर्यंत गावाबाहेर पाऊल टाकायचं ते फार तर तळेगावच्या बाजारापर्यंत. मग कुणा ठेकेदाराच्या ओळखीने ते विमानतळावर माळी म्हणून लागले आणि चार-पाच वर्षांत तिथल्या गवताचे मुकादम झाले. विमानतळ लहानसंच, दिवसाला मोजकी विमानं ये-जा करणारं. ते नेमकं कोणतं, हे लिहायला त्यांनी मला मनाई केली आहे. "नाव छापलं की लोकं बघाया येत्यात, आन लोकं आली की कचरा येतो," असं त्यांचं म्हणणं. मी लोणावळ्याचा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. माझ्या मुलाला त्यांनी आपली मुलगी दिली आणि मुलीबरोबर हे सगळं विमानतळही आमच्या घरात पाठवून दिलं.

लग्नाच्या बैठकीलाच मला याचा अंदाज यायला हवा होता. मुलगा काय करतो, घर स्वतःचं आहे का, घरात माणसं किती, असले चारचौघांसारखे प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी पहिला प्रश्न टाकला तो माझ्या बायकोला. "ताई, तुमचं खरकटं कुटं जातं?" आमच्या हिला आधी वाटलं की पोहे आवडले नाहीत. मग व्याही उठले, आपणहोऊन स्वयंपाकघरात गेले, कचऱ्याचा डबा उघडून आत डोकावले आणि परत येऊन गंभीरपणे म्हणाले, "वला आन सुका एकातच हाय. पन शिकतील." माझ्या मुलाचं लग्न त्या 'शिकतील'वर ठरलं. लग्नात तर त्यांनी कहर केला. विमानतळावर दाणा सांडला की कबुतरं येतात आणि कबुतरं आली की विमानाला धोका, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या मात्र, वधूपिता हातात खराटा घेऊन मांडवात हजर. भटजी होमाची तयारी करताहेत, फोटोवाला 'इकडे बघा' म्हणतोय, आणि व्याही वऱ्हाडाच्या पायांखालून तांदूळ झाडताहेत. आमच्याकडच्या एका आत्याबाईंनी बाजूला घेऊन मला हळूच विचारलं, "मांडव झाडायला ठेवलेला माणूस जरीचा फेटा बांधून का आलाय रे?" मी त्यांना सांगितलं की ते आपले व्याही आहेत. आत्याबाईंनी आपले पाय उचलून घेतले.

हा माणूस जन्मापासून असा होता असं मात्र समजू नये. विमानतळावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी जो पराक्रम केला, तो मावळातल्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलाच नसता. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी त्या वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण असं रचून ते जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. राख मिसळलेल्या मातीत तण कमी उगवतं आणि रोप तरारून येतं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. विमानतळ पर्यावरणस्नेही करायचं असं वरून ठरलेलं, त्यासाठी एक तरुण मॅडम नेमलेल्या, आणि त्या मॅडमनी नव्या माळ्याला सांगितलं की कुंपणाच्या कडेला रोपांसाठी वाफे तयार करा. व्याह्यांनी केले. सगळ्या आवारातला वाळका पाला गोळा केला, वाफ्यांवर छान थर दिला आणि काडी लावली. धुराचा लोट उठला तो थेट मनोऱ्यातल्या साहेबांना दिसला. भोंगा झाला, दोन बंब धावत आले, आणि व्याही त्या बंबवाल्यांना समजावत उभे, "जरा कडंकडंनी मारा पानी, मधला अजून भाजायचाय." दुसऱ्या कुणी त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. पण त्या मॅडम वाफ्याच्या बांधावर त्यांच्या शेजारी बसल्या आणि राब म्हणजे काय, कसा रचतात, का भाजतात, हे त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, हाच पाला न जाळता त्याचं खत करून दाखवते. बघा तर खरं." आयुष्यात आपलं म्हणणं अर्धा तास ऐकून घेणारं माणूस व्याह्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटलं. त्या दिवसापासून मॅडमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की यंदापासून आपल्या शेतात राब बंद. विहीणबाई काडेपेटी घेऊन शेतावर गेल्या. "इमानतळाव करा काय करायचं त्ये," त्या म्हणाल्या, "हितं आमाला भात खायाचाय." शेवटी तडजोड झाली. अर्धा वाफा विहीणबाईंच्या राबाचा, अर्धा व्याह्यांच्या खताचा. दोघांचं पीक एकाच कणगीत पडतं, तरी व्याही जेवताना घास तोंडात घोळवून "ह्यो माझ्याकडला" असं सांगू शकतात.

विमानतळ पर्यावरणस्नेही करणं म्हणजे चार झाडं लावणं आणि भिंतीवर हिरवा रंग देणं, अशी माझी समजूत होती. व्याह्यांनी ती मोडीत काढली. छपरांवर सौर पट्ट्या बसल्या, दिवे बदलले, सामान ओढणाऱ्या गाड्या बॅटरीवर चालू लागल्या, उपाहारगृहातल्या उष्ट्याचं खत होऊ लागलं. हे सगळं ते अशा थाटात सांगत की जणू त्या पट्ट्या त्यांनी स्वतः रात्री जागून विणल्या आहेत. पण खरी गंमत, त्यांच्या मते, गवतात होती. गवत फार वाढलं की त्यात उंदीर, उंदरांमागे साप, सापांमागे घारी. फार कापलं की उघड्या जमिनीवर बगळे आणि टिटव्या किडे टिपायला उतरणार. म्हणून गवत ठरल्या उंचीचंच हवं. झाडं लावायची, पण फळाची नकोत, पाखरं येतात. पावसाचं पाणी साठवायचं, पण तळं करून नव्हे, पाखरं येतात. ते जमिनीतच जिरवायचं. एका रविवारी आमच्या ओसरीवर हे सगळं समजावून सांगताना ते म्हणाले, "झाड लावायचं पन फळ धरू द्यायचं न्हाई, पानी साठवायचं पन दिसू द्यायचं न्हाई. म्हंजी घरात सून आनायची आन तिला बोलू द्यायचं न्हाई, त्यातली गत." आमची सून, म्हणजे त्यांचीच मुलगी, आतून म्हणाली, "मग सासऱ्यांना विचारा, बोलू देतात का ते." मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. पण त्यांचं बोलणं डोक्यातून जाईना. हिरवं करायचं, आणि त्या हिरव्यात कुणी राहायला येणार नाही याचीही काळजी घ्यायची, असलं काम करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनाही त्यातलं कोडं कळत असावं, पण त्यावर ते थांबत नसत.

लोणावळ्याला आले की त्यांना दम निघत नसे. शेजारच्या बंगल्याचे मालक मुंबईला असतात, महिन्यातून एकदा येतात, त्यांच्या हिरवळीवर व्याही कुंपण ओलांडून उकिडवे बसत, अंगठा आणि करंगळी ताणून गवत मोजत आणि तिथल्या माळ्याला सांगत, "दोन बोटं जास्त हाय." तो बिचारा आधी त्यांना मालकांचा पाहुणा समजला. पुढे पुढे ते येणार कळलं की आदल्या दिवशीच यंत्र फिरवू लागला. आमच्या घरातले दिवे ते एकेक करून विझवत जात. एकदा मी न्हाणीघरात असताना विझवला. पावसाळ्यात त्यांना पॉइंटवर फिरायला नेलं, तर दरीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पर्यटकांनी फेकलेली मक्याची कणसं गोळा करत ते माकडांच्या पुढे पुढे पळत होते, आणि एक धिप्पाड माकड त्यांच्याकडे धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहावं तसं पाहत होतं. घरी येताना पिशवीभर कणसं मांडीवर घेऊन म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या लोनावळ्याला विमानतळ न्हाई त्येच बरं. ही माकडं आन ही मानसं, दोघांनी मिळून एकबी विमान उतरू दिलं नसतं." इतकं करून हा माणूस स्वतः विमानात कधी बसला नव्हता. मी एकदा म्हटलं, "व्याहीबुवा, एकदा बसून तर बघा." तर म्हणाले, "आचारी कुटं पयल्या पंगतीला बसतो का?"

मी खवचट माणूस आहे हे आमची ही सांगतेच. एकदा मी त्यांना कोपऱ्यात धरलं. म्हटलं, "दिवे बदलले, खत केलं, सगळं मान्य. पण विमान एकदा उडालं की जेवढं तेल जाळतं, त्यापुढे तुमच्या ह्या पालापाचोळ्याची काय कथा? कशाला एवढी जिवाची तगमग?" मला वाटलं, आता सापडले. व्याह्यांनी तंबाखूची डबी उघडली, तशीच मिटली. मग म्हणाले, "घर गळतंय म्हनून अंगन झाडायचं सोडायचं व्हय, पाव्हणं?" त्यांचं उत्तर पुरतं होतं असं मला आजही वाटत नाही. गळकं घर शाकारावंही लागतंच. पण इतकी वर्षं गळक्या घराकडे बोट दाखवून मी माझं अंगण झाडायचं टाळत आलो होतो, एवढं मात्र त्या दिवशी मला लख्ख दिसलं. दुसऱ्या दिवशी मी कचऱ्याचे दोन डबे आणले आणि बायकोला सांगितलं की हे माझं स्वतःचं डोकं आहे.

मग गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुलगा आता बंगलोरला असतो. सून आणि नात सुट्टीला आल्या होत्या आणि परत जायचं ते व्याह्यांच्याच विमानतळावरून, हे व्याह्यांनी तिकिटं काढायच्याही आधी ठरवून टाकलं होतं. नातीने आजोबांचं गवत वरून पाहायचं होतं. कोणत्या बाजूची खिडकी घ्यायची, कुठे मान वळवायची, खताचे खड्डे कधी दिसतील, याचा पाढा त्यांनी तिच्याकडून घोकून घेतला होता. जायच्या दोन दिवस आधी ते दुपारी आमच्याकडे करवंदं घेऊन आले. नात मांडीवर, भोवती आम्ही सगळे, आणि व्याह्यांचा कीर्तनाला रंग चढलेला. "तुझं विमान आसं पळत यील, आन आसं उचललं जाईल. भ्यायचं न्हाई. आबा खाली हाय ना. आबाच्या राज्यात एकबी पाखरू..." इथवर आले आणि थांबले. ठसका लागला असं वाटून सुनेने पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं नाही. नातीला मांडीवरून हळूच उतरवलं, चपला घातल्या आणि म्हणाले, "मला जाया पायजे." बाहेर कडक ऊन, चहा उकळलेला. आमची ही म्हणाली, "अहो भाऊ, चहा तरी." पण ते फाटकापर्यंत पोचलेही होते. चहा टाकून जाणारे व्याही आम्ही कधी पाहिले नव्हते. त्यांना बरं वाटत नसेल, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली.

जायच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे विमानतळावर. विहीणबाई परंदवडीहून लाडूंचा डबा घेऊन आलेल्या. व्याह्यांचा पत्ता नाही. फोन लागत नव्हता. नात दर दोन मिनिटांनी "आबा कुठायत?" विचारत होती आणि सुनेचा चेहरा उतरत चालला होता. "कामात आस्तील," विहीणबाई म्हणाल्या, पण त्यांच्याही आवाजात दम नव्हता. शेवटी सून आणि नात आत गेल्या. मला मनापासून राग आला. सहा महिने ज्या दिवसाची दवंडी पिटली, त्याच दिवशी हा गृहस्थ गायब. आम्ही बाहेरच्या बाजूला कुंपणाच्या जाळीपाशी जाऊन उभे राहिलो. तिथून धावपट्टीचा एक तुकडा दिसतो. लांबवर गवतात हिरवं जाकीट घातलेला एक माणूस दोन्ही हात वर करून इकडून तिकडे धावत होता. थांबत होता, हातातला पत्र्याचा डबा बडवत होता, पुन्हा धावत होता. त्याच्या डोक्यावर दोन पक्षी ओरडत घिरट्या घालत होते. तो धावला की लांब जायचे आणि पुन्हा त्याच जागी यायचे. विहीणबाई जाळीला तोंड लावून बघत होत्या. "ह्ये आपलंच हायती," त्या म्हणाल्या. आमच्या डोळ्यांसमोर ते पक्षी हळूहळू कुंपणापलीकडच्या माळावर गेले, माणूस तिकडेच तोंड करून पहाऱ्यावर उभा राहिला, आणि मग विमान आलं, पळालं, उचललं गेलं. सगळं सुखरूप झालं.

अर्ध्या तासाने ते बाहेर आले. घामाने निथळत होते. विहीणबाईंना त्यांनी गाडीत बसवलं आणि मला बाजूला, वाहनतळाच्या टोकाला नेलं. "पाव्हणं, एक सांगायचंय," ते म्हणाले. मला पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक वाटला. पंधरा दिवसांपूर्वी गवत कापून घेताना धावपट्टीपासून थोड्या अंतरावर मुरमाड जागेत त्यांना टिटवीची चार अंडी दिसली होती. यंत्र चार हातांवर आलेलं. "आमच्यात औत चालू आसताना टिटवीची आंडी दिसली तर तेवढी जागा सोडून औत वळवायचं. रान पडीक ऱ्हायलं तरी चालंल. बापानं शिकवलंय. माझा हात आपसूक वर झाला, म्हनलं वळीव. यंत्र वळलं. तितपातूर काय चुकलं न्हाई. चूक पुढं झाली. घरटं दिसलं की त्याच दिशी वहीत लिवायचं आन मॅडमला सांगायचं, आसा नियम हाय. मी न्हाई लिवलं. लिवलं की आंडी उचलनार. मला वाटलं, थोड्या दिसांचा तर सवाल, पिलं निगतील, पायानं चालत कुंपनाभाईर जातील." ते थांबले. जाकिटाच्या बाहीने तोंड पुसलं. "पंदरा दिस रोज विमानं उडाली, पाव्हणं. त्यातबी कुनाच्या लेकी व्हत्या, नातवंडं व्हती. रोज मी तितं उभा व्हतो आन मला टिटवीच दिसत व्हती. परवा तुमच्या ओसरीवर पोरीला मांडीवर घेतलं आन मला विमान दिसलं."

त्या दिवशी ते पोचेपर्यंत मॅडम घरी गेल्या होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं होतं. वन खात्याची माणसं आली, कापूस घातलेल्या खोक्यात चारी अंडी ठेवून घेऊन गेली. पुढे काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. उरली ती टिटव्यांची जोडी. ती मोकळ्या जागेवर फिरफिरून येत होती, म्हणून आज तिला हाकलायचं काम त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं. वहीत त्यांनी खरी तारीख घातली होती, पंधरा दिवसांपूर्वीची. हे ऐकून मी चमकलो. आजच दिसली असं लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी असतो तर तेच केलं असतं, वर स्वतःच्या दक्षतेबद्दल चार शब्द ऐकूनही घेतले असते. मॅडम रागावल्या का, असं मी विचारलं. "न्हाई ना," ते म्हणाले. "नुसतं म्हनल्या, भाऊ, तुम्ही? त्यापरीस मुस्काटात दिली आसती तर बरं झालं आसतं." त्यांचा हात धरावासा वाटला आणि आमच्या पिढीच्या संकोचाने मी तो धरला नाही. म्हटलं, "व्याहीबुवा, मनाला लावून घेऊ नका. कुणीही असंच केलं असतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हनूनच तर वहीत लिवायचा नियम हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "मानूस आसंच करनार, हे ठावं आसलेल्यानं केलाय तो."

संध्याकाळी बंगलोरहून फोन आला. नातीला खताचे खड्डे दिसले नव्हते, खिडकी उलट्या बाजूची मिळाली होती. पण विमान सुटायच्या आधी आबा दिसले होते. "आबा गवतात उभे राहून दोन्ही हातांनी मला टाटा करत होते," ती सांगत होती, "उड्या मारून मारून! मी पण केला." व्याही तेव्हा आमच्याच घरी होते. फोन त्यांच्या कानाशी होता. त्यांनी "व्हय गं बाय, व्हय," एवढंच म्हटलं आणि फोन माझ्या हातात देऊन ते परसात गेले. आमची ही त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली आणि तशीच परत आली. थोडा वेळ कुणी तिकडे जायचं नाही, असं तिने खुणेने सांगितलं.

गवताचं मुकादमपण त्यांनी आपणहोऊन सोडलं. मॅडमनी फार समजावलं म्हणतात, पण ते ऐकेनात. मग त्यांना खताच्या खड्ड्यांवर दिलं. तिथे ते चांगले रमले आहेत. खत उत्तम करतात, उपाहारगृहवाल्यांशी भांडतात, आमच्याकडे आले की कचऱ्याचे डबे उघडून बघतात. शेजारच्या हिरवळीकडे मात्र फिरकत नाहीत, आणि तो माळी मला अधूनमधून विचारतो की साहेबांची तब्येत बरी आहे ना. विमानतळाविषयीही ते पूर्वीसारखे बोलत नाहीत. विचारलं तर सांगतात, आणि सांगताना 'मी'च्या जागी आता 'आमच्या मॅडम' येतात. खरं सांगायचं तर त्यांच्या बढाया मला कंटाळवाण्या वाटायच्या. आता त्या ऐकायला मिळाव्यात म्हणून मी मुद्दाम चुकीची माहिती सांगून बघतो, पण ते नुसते हसतात.

यंदा भातलावणीच्या वेळी मी परंदवडीला गेलो होतो. मदतीला म्हणून गेलो होतो, असं मी सांगतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभा होतो आणि व्याही माझ्या शेजारी वाकून झपाझप रोपं लावत होते. पाऊस थोडा उघडला होता. ढगांच्या वरून कुठूनतरी विमानाचा आवाज आला. व्याही सरळ झाले. चिखलाचे हात अंगापासून लांब धरून, मान वर करून उभे राहिले. विमान दिसत नव्हतं, नुसता आवाज होता. तो पवना नदीच्या बाजूला सरकत सरकत विरून जाईपर्यंत ते हलले नाहीत. विहीणबाई पलीकडच्या वाफ्यातून म्हणाल्या, "दर येळंला काय बगता वर? आता कोन हाय तुमचं त्यात?"

"आसंल की कुनाचं तरी," व्याही म्हणाले, आणि पुन्हा खाली वाकले. मीही वाकलो. लावणीतलं मला ओ की ठो कळत नाही, तरी त्या दिवशी मी जिद्दीने एक अख्खी ओळ लावली. माघारी येताना पाहिलं, तर व्याही ती मुकाट्याने उपटून पुन्हा लावत होते.